भोंगेवाल्याच्या बापाची तेरवी

नथ्थूभाऊला उद्या सकाळच्या गाडीत बसवून दिलं, तर परवा तो हात वर करेल की खाली ठेवेल? संध्याकाळपासून दुसरा विचार सुचत नाही. भाकरी थापताना हाच, दूध तापवताना हाच. दूध उतू गेलं तेही याच पायी. तो मागच्या खोलीत आहे. खोलीची कडी बाहेरून लावलेली आहे. ती आज माझ्या मुलीनं स्वतःच्या हातानं लावली, आणि "उघडू नको" असं मला बजावून ती आपल्या गावी निघून गेली.

झोप येणार नाही हे कळल्यावर लिहायला बसले. या माणसाला मी इतके दिवस खाऊ घालते आहे, पण त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे अजून ठरत नाही. निदान तो कोण आहे हे तरी नीट मांडून बघावं.

ब्रह्मपुरी, वडसा, नागभीड या पट्ट्यात ज्यानं एक हिवाळा काढला आहे, त्यानं नथ्थूभाऊचा आवाज ऐकलेला असतोच. चेहरा मात्र फार थोड्यांना माहीत. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावागावांत मंडई म्हणजे जत्रा भरते आणि रात्रभर नाटक चालतं. त्या नाटकाची जाहिरात करत दिवसभर एक जीप फिरते. टपावर भोंगा, आत माईक धरून बसलेला माणूस. तो माणूस म्हणजे नथ्थूभाऊ. "मायबहिणींनो, येताना दोन रुमाल आणजा! एक डोळे पुसाले, एक हसू दाबाले!" ही त्याची ओळ. शाळेतली पोरं त्याची नक्कल करायची. दरवर्षी कंपनी वेगळी असायची, आणि प्रत्येक कंपनीचं नाटक त्याच्या मते आजवर झाडीपट्टीत न झालेलं असायचं.

हे मी आधीच सांगते आहे, कारण माझ्या मनातल्या संशयाचं मूळ इथंच आहे. ज्याच्या जीपमध्ये बसायचं त्याचं गुणगान गायचं, हा ज्याचा धंदा, त्याच्या शब्दाला किती वजन द्यायचं?

त्याचं गाव सावरटोला. माझी मुलगी मंजुषा त्याच गावची सून, आणि आता सरपंच. ती निवडणुकीला उभी राहिली तेव्हा नथ्थूभाऊ समोरच्या पॅनलमध्ये होता, अजयभाऊच्या. अजयभाऊ म्हणजे राइस मिलवाला, तीस वर्षं गाव ज्याच्या ओट्यावर बसतं तो. तेव्हा अजयभाऊच्या जीपवरचा भोंगाही अर्थातच नथ्थूभाऊचा. मी मुलीच्या प्रचाराला गेले होते. जीप तिच्या दारासमोर मुद्दाम हळू झाली आणि तो आवाज आला, "एमे झालेल्या बाई, मत मागाले आल्या, चांगलं झालं! पण धान कोणतं न तणस कोणतं, हे त आधी ओळखा!"

तणस म्हणजे धान झोडल्यावर उरतो तो पेंढा. सगळी गल्ली हसली. माझ्या विहीणबाईंनीही पदराआड हसून घेतलं. मंजुषा निवडून आली, तरी पुढं कितीतरी दिवस पोरं तिला "तणसबाई" म्हणत होती. तेव्हापासून हा आवाज कानावर आला की मी ब्रह्मपुरीतल्या माझ्या दुकानाचं शटर अर्धं ओढून घ्यायची.

सरपंच आमची, पण सदस्य त्यांचे. आठातले सहा अजयभाऊचे, आणि त्या सहांत एक नथ्थूभाऊ. दिवाळीनंतर त्यांनी अविश्वास ठराव टाकला. सहा हात वर झाले तर ठराव पुढं जातो, आणि पुढं गेला की गावसभेत माणसं कशी जमवायची ते अजयभाऊला शिकवावं लागत नाही. पाच हातांनी मात्र काही होत नाही. सगळं त्या एका हातावर.

अशात नथ्थूभाऊचे वडील वारले.

सावरटोल्यात मयत झाली की घरटी एक लाकूड जातं. भांडण असो, बोलणं बंद असो, पार्टी कोणतीही असो. लाकूड मयताच्या अंगणात नेऊन टाकायचं. तिथून बैलगाडीत भरून ते नदीवर जातं. मंजुषाच्या घरी त्या दिवशी दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती स्वतःच डोक्यावर लाकूड घेऊन गेली. गाडीजवळ अजयभाऊ उभा होता. तो नथ्थूभाऊला म्हणाला, "हे बाजूले ठेव. सभेत आपण इच्याच विरोधात हात वर करणार आहो, अन् आज इचं लाकूड घेतो? लोकं काय म्हणतीन?"

नथ्थूभाऊ ओल्या धोतरानं उभा होता. मंजुषाच्या डोक्यावरचं लाकूड त्यानं उतरवून घेतलं आणि गाडीत सगळ्यांच्या वर ठेवलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली, तेव्हा त्यानं अजयभाऊला घरी जाऊन सांगितलं, "सभेत माहा हात वर नाई होणार." त्याच संध्याकाळी त्याच्या अंगणात दोन मोटारसायकली येऊन थांबल्या. त्यातली एक अजयभाऊच्या माणसांची, दुसरी मंजुषाच्या दिराची, हेमराजची, आणि नशिबानं हेमराजचीच आधी पोचली. हेमराजनं त्याला मागं बसवलं आणि थेट ब्रह्मपुरीला माझ्या घरी आणून सोडलं.

"मावशी, सभेपर्यंत हा इथीच राहीन," हेमराज म्हणाला. "पाहुणा समजा."

पाहुण्याचा मोबाइल हेमराजनं काढून घेतला आणि बंद करून माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवायला दिला.

ही आमच्याकडची जुनी रीत आहे. मतदान आलं की सदस्य सहलीला जातात. तिकडचे उरलेले पाचही जण देवदर्शनाच्या नावाखाली तेलंगणात कुठल्याशा लॉजवर आहेत, आणि त्यांचेही मोबाइल कुणाच्या तरी कपाटात असतील. फरक इतकाच, की त्यांच्यापैकी कोणी सुतकात नाही.

माझं घर छोटं. पुढच्या खोलीत झेरॉक्सचं दुकान, मधे स्वयंपाकघर, मागं ती खोली. हे राजुऱ्याकडे खाणीत नोकरीला, महिन्यातून एकदा येतात. फोनवर मी त्यांना काहीच सांगितलं नाही. घरात परका पुरुष, तोही सुतकातला, आणि तोही ज्यानं माझ्या लेकीला तणस म्हटलं तो. देवघराला पडदा लावला, त्याचं ताट वेगळं काढलं, आणि दिवसभर दुकानात बसून मागच्या खोलीकडं कान लावून राहू लागले.

कारण भीती त्याच्या चेहऱ्याची नव्हती, आवाजाची होती. दुसऱ्याच दिवशी तो चहा पिताना एवढंच म्हणाला, "बाई, साखर जरा कमी टाकजा." लगेच शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं, "काय वं, यंदा नाटक कोणतं आहे? जीप कुठी थांबली?"

मी म्हटलं, "मोबाइलवर लागलं होतं, काकू."

त्या दिवसापासून तो माझ्याशी कुजबुजत बोलू लागला. आयुष्यभर भोंग्यावर बोललेला माणूस कुजबुजायला लागला की कसा वाटतो, हे मला सांगता येणार नाही. शब्द घशात अडकल्यासारखा यायचा. कधी विसरून आवाज चढला की स्वतःच तोंडावर हात ठेवायचा.

एका दुपारी रस्त्यावरून जीप गेली. भोंग्यावर कोणी नवा पोरगा ओरडत होता. नथ्थूभाऊ खिडकीच्या बंद फळीला कान लावून ऐकत राहिला. जीप गेल्यावर म्हणाला, "गावाचं नाव गिळलं लेकानं. अरे, नाटक कुठी आहे तेच नाई समजलं, त लोकं रुमाल घेऊन कुठी जातीन?" आणि हसला. मीही हसले. मग आठवलं, त्या जीपमध्ये यंदा त्यानं बसायचं होतं.

त्याला शपथ द्यायला हेमराज आला तो दिवस मी विसरणार नाही. पिशवीतून त्यानं नारळ काढला, मातामायच्या देवळातलं कुंकू काढलं. गावाच्या शिवेवरची ही देवी. तिची शपथ म्हणजे शेवटची.

"हात ठेव, नथ्थू. म्हण, हात वर नाई करीन."

नथ्थूभाऊ भिंतीला टेकून बसला होता, तो तसाच मागं सरकला. "तुले समजते का, हेमराज? सुतकात मातामायले हात लावू? बाप गेला माहा. देवीचं कुंकू घेऊन तू सुतकीच्या घोंगडीवर आला, तुले कोणी सांगतलं नाई का?"

हेमराज ओशाळला. घाईघाईनं नारळ पिशवीत कोंबताना कुंकवाची पुडी सांडली, ती मी पुसली. पण तो हटणारा नव्हता. "बरं, कुंकू राहू दे. लेकराची शपथ घे."

"नाई घेत."

"काऊन?"

"मागच्या येळी अजयभाऊच्या घरी असाच नारळ होता. त्याच्यावर हात ठेवलाच होता मी. तो शब्द मोडून तुह्याकडे येऊन बसलो. आता माही दुसरी शपथ घेऊन तू काय करशीन गा? लोणचं घालशीन?"

हेमराज मला स्वयंपाकघरात घेऊन आला. त्याचा चेहरा उतरला होता. "पाहिलं, मावशी? शपथ घेत नाई. एका लाकडासाठी कोणी पार्टी सोडते का? अजयनंच पाठवलं असन. आपल्याले गाफील ठेवाचं, अन् ऐन सभेत हात वर कराचा."

"खरंच सोडली असेल तर?"

"असू द्या ना. विश्वास ठेवाची गरजच काय आपल्याले? त्याचं मत पाह्यजेच नाई. सभा होईपर्यंत तो हात या खोलीत राहिला, की झालं."

त्याचं बरोबर होतं. पाच हातांनी ठराव पडतो. कडी लावली की माणूस खरा की खोटा हा प्रश्नच उरत नाही. त्या दिवशी मला हे ऐकून बरं वाटलं होतं, हेही लिहायलाच हवं. मला वाटलं, चला, एक काळजी मिटली.

ती मिटली नाही. उलट मी त्याला विचारत सुटले. एकदा जेवण वाढताना सरळच विचारलं, "नथ्थूभाऊ, ते तणसाचं बोलणं, ते अजयभाऊनं लिहून दिलं होतं का?"

वाटलं, हो म्हणेल. माझ्याच घरचं जेवत होता, हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाई, बाई. ते माहं होतं. नाटकाच्या जीपवर बोलतो ते पोटासाठी. ते मनापासून बोललो होतो."

"आणि आता?"

त्यानं घास चावून संपवला. "आता बी थोडं वाटते. तळ्याचं पाणी सोडलं तिनं यंदा, ते उशिरा सोडलं. खालच्या धानाच्या बांध्या सुकल्या. पोरगी इमानदार आहे, पण विचारत नाई कोणाले."

मी हातातली वाटी खाली ठेवली. "मग तिला मत कशाला देता?"

"तिले कुठी देऊन राह्यलो? अजयभाऊले नाई देऊन राह्यलो." त्यानं ताट बाजूला सारलं. "माह्या बापाच्या सरणातलं लाकूड मोजाले निघाला तो. उद्या कोणाच्या घरचं पाणी प्यावं तेही तोच सांगन."

मी त्या रात्री ठरवलं की हा खरं बोलतो. सकाळी उठून ठरवलं की जो इतकं खरं बोलून दाखवतो तोच जास्त पोचलेला असतो. असं रोज चाललं आहे. कधी वाटतं अडकलेली मीच आहे, तो निदान खोलीत तरी निवांत बसतो. मला दुकानात गिऱ्हाइकाशी हसावं लागतं, भाजीवाल्याकडून दोघांपुरती भाजी घेताना उगाच सांगावं लागतं की मुलगी येणार आहे.

उद्या त्याच्या बापाची तेरवी, म्हणजे तेरावं आहे, आणि परवा सभा.

तो थोरला मुलगा. अग्नी त्यानंच दिला. तेरवीला सगळ्या पाहुण्यांसमोर थोरल्याच्या डोक्याला दुपट्टा बांधतात; घर आता याचं, हे त्यानं गावाला कळतं. तो गेला नाही तर दुपट्टा धाकट्याला, सुकलूला बांधतील. सुकलू अजयभाऊच्या मिलवर कामाला आहे. मंडपही अजयभाऊनंच घालून दिला आहे, असं कळलं. म्हणजे नथ्थूभाऊ गेला तर तिथंच त्याला घेरतील. बायकोचे, भावाचे, बापाचे सगळे हवाले देतील. आणि गेला नाही, तर बापाच्या तेरवीला न आलेला मुलगा म्हणून त्या गावात मरेपर्यंत त्याची मान वर होणार नाही.

त्यानं हेमराजला विचारून पाहिलं. मला एकदाच विचारलं, दोन दिवसांपूर्वी. "बाई, मी जाईन अन् येईन. दुपट्टा बांधला की निघतो." मी म्हटलं, मंजुषा येणार आहे, तिला विचारू.

मंजुषा आज दुपारी आली. वाळली आहे. गळ्याची हाडं दिसायला लागली आहेत. या निवडणुकीला मी नकोच म्हणत होते. पण आता खुर्ची गेली तर तिला त्याच गावात सून म्हणून राहायचं आहे, त्याच विहिरीवर, त्याच हसण्यात, हे मला डोळ्यांसमोर दिसतं. मी काही बोलायच्या आधीच ती मागच्या खोलीत गेली. दारातूनच म्हणाली, "नथ्थूभाऊ, मला माफ करा. सभा झाली की मी स्वतः तुम्हाला घरी सोडीन."

तो उठून उभा राहिला. "तेरवी सभेच्या आधी आहे, सरपंच."

इतक्या दिवसांत त्यानं तिला पहिल्यांदाच सरपंच म्हटलं. आवाज कुजबुजता नव्हता. शेजारच्या काकूंना ऐकू गेला असेल.

मंजुषानं दार ओढलं आणि कडी लावली. कडी घट्ट आहे, जरा वर उचलून लावावी लागते. तिनं ती दोन्ही हातांनी उचलून लावली.

मी तिला स्वयंपाकघरात नेलं. "अगं, त्याच्या बापाची तेरवी आहे."

"माहीत आहे, आई."

"त्या बापासाठी तूच लाकूड घेऊन गेली होतीस ना? डोक्यावर?"

"मग काय करू? तू सांग. सोडू त्याला? तो अजयच्या मंडपात जेवेल, सुकलू पाया पडेल, आणि परवा सहा हात. तेव्हा लोकं मला काय म्हणतील माहीत आहे? तणसबाईला माणूसही ओळखता येत नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "दोन दिवस, आई. फक्त दोन दिवस."

लेक रडत असताना आई दुसऱ्याची बाजू कशी घेणार? तिला चहा दिला, डोक्यावरून हात फिरवला, गाडीपर्यंत सोडून आले.

पण तिचे ते दोन हात डोळ्यांपुढून जात नाहीत. लाकूड डोक्यावर धरून चाललेले असतील तेही हेच हात. तेव्हा तिनं नथ्थूभाऊकडून काही मागितलं नव्हतं. गावाची रीत होती म्हणून ती गेली. त्यानं लाकूड घेतलं, तेही काही मागून नाही. आता कडी लागली, तर ते लाकूड आधीच दिलेला बयाणा ठरेल. अजयभाऊनं तेच तर म्हटलं होतं, की या लाकडाचा अर्थ निघतो. परवापर्यंत कडी राहिली तर अजयभाऊ खरा ठरतो, आणि माझी मुलगी खुर्चीवर राहते.

मघाशी ताट द्यायला दार उघडलं, तर त्यानं जेवायला नको म्हटलं. घोंगडीची घडी करून ठेवली होती, धोतर धुवून दोरीवर टाकलं होतं. म्हणजे जायची तयारी. की फक्त धुतलेलं धोतर? मला अजूनही सांगता येत नाही. परवा तो हात वर करणारच नाही, असं मी कुणाला छातीठोक सांगू शकत नाही. इतकं लिहूनही तो मला तेवढाच कळला आहे, जेवढा दुपारी कळला होता.

वाटलं, सकाळी आपणही त्याच्यासोबत जावं, तेरवीला बसावं आणि सोबत परत आणावं. मग लक्षात आलं, की तीसुद्धा एक कडीच झाली, फक्त चालती.

मंजुषाला आधी विचारावं, असंही वाटलं. पण ती नाही म्हणेल आणि मला तिचं ऐकावं लागेल, हे मला ठाऊक आहे. म्हणून तिला नंतर सांगेन. ती माझ्याशी किती दिवस बोलणार नाही, देव जाणे.

कपाटातून मी त्याचा मोबाइल काढला आहे. तो सुरू केला, तर त्यावर रुखमाचे, त्याच्या बायकोचे, कितीतरी हुकलेले फोन. तेरवीचं घर आहे, बाया अजून बुंदी पाडत जाग्या असतील. फोन वाजला की शेजारी बसलेला सुकलू ऐकेल, आणि ही बातमी रात्रीच अजयभाऊच्या ओट्यावर जाईल. उजाडेपर्यंत सगळ्या सावरटोल्याला कळलेलं असेल, आणि मग हेमराजनं येऊन कितीही आदळआपट केली तरी शब्द मागं घेता येणार नाही. मला तसंच हवं आहे, नाहीतर सकाळी माझाच धीर सुटेल.

आधी उठून कडी काढते. मग रुखमाला फोन लावते आणि सांगते, बाई, दुपट्टा थोरल्यासाठीच ठेवा, तो पहिल्या गाडीनं येतो आहे.